लखमशेटची फुटकी न्हाणी

खूप जुनी गोष्ट आहे. राजाला आपल्या प्रजेची नावं तोंडपाठ असायची, त्या काळातली.

एका गावात येसू नावाची बाई राहायची. चामड्याच्या रंगीत बाहुल्या दिव्यापुढे नाचवून ती पडद्यावर सावल्यांचे खेळ करी. बाहुल्या तिच्या वडिलांनी केलेल्या. त्यांच्यामागे तेवढंच काय ते तिला उरलं होतं.

लखमशेटच्या घरातली खालची खोली तिने भाड्याने घेतली होती. खोलीच्या बरोबर वर शेटची न्हाणी. एके दिवशी छताला ओल दिसली, तशी येसू लगबगीने वर गेली.

"शेट, न्हाणीला तडा गेलाय. पाणी खाली झिरपतंय. माझ्या बाहुल्या चामड्याच्या आहेत हो!"

"बघू," शेट म्हणाले.

ओल पसरली. येसू पुन्हा गेली.

"घरात लग्न आहे, येसू. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

लग्नाच्या दिवशी येसू बाजारातून परतली, तर दाराखालून पाणी वाहत होतं. तिने दार ढकललं. छताचा मोठा तुकडा बाहुल्यांच्या पेटाऱ्यावर कोसळला होता आणि वरून धार लागली होती. तिने झाकण उघडलं. राजा, राक्षस, हरिणी, सगळ्यांचा मिळून एक लिबलिबीत गोळा झाला होता. तिने हरिणीला उचललं, तर मानेपासून तोंडच हातात आलं.



शेट खाली आले. "अरेरे! पण पाण्यापुढे कोणाचं चालतं? तुझं दैव! पेटारा तरी उंचावर ठेवायचास."

तो ओला गोळा पदरात घेऊन येसू तडक चावडीवर गेली.

म्हाताऱ्या पंचांनी शेटना बोलावलं. "शेट, भाडं कशाचं घेता?"

"खोलीचं."

"आणि खोलीवरचं छत कोणाचं?"

"माझंच. पण तडा गेल्याचं मला कोणी सांगितलंच नाही!"

इतकं धडधडीत खोटं! येसू तोंड उघडणार, तोच गर्दीतून शेटीणबाई पुढे आल्या.

"दोनदा सांगायला आली होती ती. मी तिथेच होते."

शेट बायकोकडे बघतच राहिले.

पंच म्हणाले, "न्हाणी दुरुस्त करा. चामडं, रंग, सगळं आणून द्या. नव्या बाहुल्या तयार होईपर्यंत येसू तुमच्या वरच्या कोरड्या खोलीत राहील, आणि तिच्या पोटाची काळजीही तुमची."

शेटनी सगळं निमूटपणे केलं. येसूने नव्या बाहुल्या करायला घेतल्या. राजा झाला, राक्षस झाला. हरिणी मात्र काही केल्या वडिलांच्या हरिणीसारखी उतरेना.

"आणखी चामडं आणू का?" एकदा शेटनी दारातून हळूच विचारलं.

"नको शेट," येसू म्हणाली. "चामडं पुष्कळ आहे. माझ्या वडिलांचा हात कुठून आणाल?"

शेट खाली मान घालून माघारी फिरले.

तात्पर्य: ज्याचं छत, त्याच्याच माथी त्या छताच्या गळतीने झालेलं नुकसान, आणि वेळेवर न ऐकणाऱ्याला ते कधीच पुरतं भरून देता येत नाही.