जाड विणीचा पडदा

फार पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक नगर वसलं होतं. त्या नगराला हुशार माणसांचं भारी वेड. मूल सात वर्षांचं झालं की त्याला परीक्षामंडपात न्यायचं, अशी तिथली रीत होती. परीक्षक तोंडी प्रश्न विचारायचा. उत्तरं आली तर मूल पाठशाळेत जायचं. नाही आली, तर परीक्षक लाकडी हातोडी आपटून 'मंद' असा निकाल द्यायचा, मुलाच्या गळ्यात लाकडी बिल्ला बांधला जायचा आणि त्याची रवानगी वेशीबाहेरच्या चुनाभट्टीवर व्हायची. बिल्ला एकदा पडला की जन्माचा. लोक म्हणायचे, मंद माणसाला याहून वेगळं काम कोण देणार? आपल्या पोराच्या गळ्यात बिल्ला पडेपर्यंत हे सगळ्यांनाच पटायचं.

पूर्वीचा परीक्षक लबाड होता. सावकाराचं पोर समोर आलं की तो ओठ हलवून उत्तर सुचवायचा, आणि गरिबाचं आलं की असे डोळे वटारायचा की पोराला स्वतःचं नावही आठवू नये. शेवटी नगरात बोंब झाली. त्याला काढून त्याच्या जागी एक सरळ मार्गाचा गुरुजी नेमला. हा गुरुजी कुणाच्या घरचं पाणीही प्यायचा नाही.

गुरुजीने गादीवर बसण्याआधी एका विणकरणीला बोलावलं आणि जाड विणीचा, लाल-पिवळ्या काठाचा पडदा विणून घेतला. तो त्याने आपल्या आणि मुलाच्या मध्ये टांगला. मी पोराचं तोंड बघणार नाही, पोर माझं बघणार नाही, मग लबाडी करायची कुणी, असं त्याने भर सभेत विचारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गुरुजी रोज मंडपात आला की आधी पडद्याकडे पाहायचा आणि त्याला समाधान वाटायचं.

पुढे त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. विणकर आळीतली पोरं पडद्यापुढे फार अडखळत. 'काय म्हणालात?' असं पुन्हा पुन्हा विचारत. गुरुजीने ठरवून टाकलं, की विणकरांची पोरं जात्याच मठ्ठ. त्याने त्या आळीत एकदा पाऊल टाकलं असतं तरी पुरे होतं. तिथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत घरोघरी मागांचा असा खडखडाट चाले, की स्वतःचा शब्द स्वतःला ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत, आणि पोरंही तशीच बोलायला शिकत. पण मोठ्या माणसाने विणकर आळीत कशाला जायचं?

एका चैत्रात तीच विणकरीण आपल्या लेकीला घेऊन मंडपात आली. पोर तरतरीत होती. पण लहानपणीच्या एका तापात तिचे दोन्ही कान गेले होते, आणि त्या आळीत ते कुणाला कळलंसुद्धा नव्हतं, आईलाही नाही. तिथे कानांवाचून कुणाचंच अडत नव्हतं.

गुरुजीने पडद्याआडून पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. दुसरा विचारला. तरी शांतता. बाहेरची माणसं कुजबुजू लागली, तशी विणकरीण पुढे आली.

"गुरुजी, पडदा थोडा बाजूला करा," ती म्हणाली. "समोरच्याचं तोंड दिसलं की ती पटापटा बोलते. आमच्याकडे सगळेच तसे बोलतात."

"बाई, आज तुझ्यासाठी सरकवला, तर उद्या सावकारासाठी सरकवावा लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

"हा पडदा मीच विणलाय हो. तो माझ्याच लेकीच्या आड येऊ देऊ नका."

गुरुजीचं मन क्षणभर कचरलं. पण त्याला जुन्या परीक्षकाचे हलणारे ओठ आठवले आणि त्याने मन घट्ट केलं. त्याने तिसरा प्रश्न विचारला: मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्या, तर काय समजावं? पडद्यापलीकडे मुलगी लाल-पिवळ्या काठावरून बोट फिरवत बसली होती. तिला आईची वीण ओळखू आली होती आणि ती खुशीत हसत होती. ते हसू पाहून लोकही हसले. गुरुजीने हातोडी आपटली.

तो पडद्याबाहेर आला तेव्हा विणकरीण जमिनीवर बसून रडत होती आणि मंडपात एकच गलका चालला होता. गुरुजीच्या घशाला कोरड पडली होती. त्याने कोपऱ्यातल्या सेवकाला हलकेच म्हटलं, "घोटभर पाणी दे." सेवकाला ते ऐकू गेलं नाही. पण त्या पोरीने त्याच्या ओठांकडे पाहिलं, धावत रांजणाकडे गेली आणि पेला भरून त्याच्यासमोर धरला.

गुरुजी चपापला. त्याने आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तोच तिसरा प्रश्न पुन्हा विचारला.

"पाऊस येणार असं समजावं," मुलगी चटकन म्हणाली. "तुम्हाला नाही ठाऊक?"

गुरुजीला सगळं उमगलं. ही पोर मंद नव्हती. आणि आजवर अडखळलेली विणकरांची पोरंही मंद नव्हती. ती सगळी त्या घटकेला वेशीबाहेर चुनखडी फोडत होती. आता हा एक निकाल फिरवला, तर लोक मागचे सगळे निकाल उकरून काढतील. मग पडद्याचं काय, आणि पडद्यामुळे मिळालेल्या नावलौकिकाचं काय? चूक कळायला त्याला एक पेला पाणी पुरलं होतं. तोंड उघडायला तेवढंच लागलं असतं. पण तो पाणी प्याला, पेला परत दिला आणि गप्प राहिला.

बिल्ला बांधला गेला. विणकरणीने पडद्याच्या काठातलं उरलेलं सूत घालून एक चादर विणली होती, ती तिने लेकीच्या खांद्यावर टाकली आणि भट्टीच्या वळणापर्यंत तिला सोबत केली. त्यानंतर ती मागावर बसली नाही. हळूहळू तिने अंथरूण धरलं आणि एक दिवस गेली.

वर्षं सरली. गुरुजीच्या न्यायाचे गोडवे शेजारच्या नगरांतूनही गायले जाऊ लागले. त्याने पुढेही पडद्याआडूनच प्रश्न विचारले, विणकर आळीतल्या पोरांनाही. म्हातारपणी मात्र त्याचे कान गेले. त्याने ते लपवलं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून तो वेळ मारून नेऊ लागला, आणि त्याला त्यात कुणाची आठवण होत नसेल असं कोण म्हणेल?

पण पडद्यापलीकडची उत्तरं ऐकू येईनात, तेव्हा वयाचं निमित्त सांगून त्याने गादी सोडायची ठरवली. तो दिवस आला. पायउतार होणाऱ्या परीक्षकाने पडद्यासमोर बसून नव्याने घेतलेली पहिली परीक्षा द्यायची, असा एक नियम त्यानेच घालून दिला होता. एरवी तो नुसता मानाचा विधी ठरला असता. गादीवर त्याचाच लाडका शिष्य बसणार होता. गुरुजी पडद्यासमोर बसला. लाल-पिवळा काठ फिका पडला होता, पण वीण अजून तशीच घट्ट होती. पडद्यापलीकडून प्रश्न आला असेल, पण त्याला काही ऐकू आलं नाही. 

"पडदा थोडा सरकव रे," तो म्हणाला.

शिष्य आतून काहीतरी बोलला. गुरुजीला ते ऐकू आलं नाही, पण ते काय असणार हे त्याला पाठ होतं, कारण ते त्यानेच शिकवलं होतं. थोड्या वेळाने भोवतालच्या माणसांच्या माना खाली गेल्या. त्यावरून हातोडी पडल्याचं त्याला कळलं. बिल्ला बांधताना शिष्य रडत होता. गुरुजीने स्वतःच मान पुढे केली.

भट्टीवर धुराचा आणि चुन्याचा लोट उठला होता. एका दगडाशेजारी एक बाई हातांनी चाचपत चुनखडीचे तुकडे टोपलीत भरत होती. तिच्या खांद्यावर चिंध्या झालेली चादर होती आणि तिला लाल-पिवळा काठ होता. गुरुजी तिच्यासमोर गुडघे टेकून बसला.

"पोरी, तू मंद नव्हतीस," तो म्हणाला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मला माफ कर."

आपले शब्द तोंडातून नीट निघाले की नाही, हे त्याला कळलं नाही. बाईने मान वर केली. तिचे डोळे पांढरेफटक होते. चुन्याच्या वाफेने ते केव्हाच खाल्ले होते. गुरुजी पुन्हा पुन्हा ओठ हलवत राहिला, आणि ते पाहायला तिथे कुणी नव्हतं.

समोर कुणीतरी आहे, एवढं तिला जाणवलं. तिने हात पुढे केला. चेहऱ्यावरून, मानेवरून बोटं फिरवताना तिला बिल्ला लागला, कोरा, अजून कडा न झिजलेला. कुणीतरी नवीन आलंय, हे तिला समजलं. ती वळली, चाचपत मडक्यापाशी गेली आणि पेला भरून त्याच्यासमोर धरला.

तात्पर्य: सगळ्यांना एकाच मापाने मोजलं म्हणजे न्याय झाला, असं समजू नये. ते माप नेमकं काय मोजतं, हे आधी पाहावं. आणि माप खोटं आहे हे ज्या घटकेला कळेल, त्याच घटकेला ते मोडावं. उशिरा मागितलेली माफी ज्याची त्याला पोचतेच असं नाही.