मागांचा खडखडाट

यंत्रमागांच्या त्या गावात मंदी आली आणि रात्रंदिवस चालणारा खडखडाट थांबला. मागांसाठी सुताच्या कांड्या भरणारी रत्नव्वा तीन महिने घरीच बसून होती, म्हणून आमदार भूपालरावांच्या सभेला गेली.

भूपालराव गरजले, "मंदी मंदी म्हणून रडता काय? फायदे बघा की. गावात शांतता आली, नवरा-बायको एकमेकांशी बोलायला लागले. तोटा काय झाला, एकानं तरी उठून सांगावं."

रत्नव्वा उठली. "तोटा तुमचाच झाला, साहेब. पंधरा वर्षं मागांच्या आवाजात तुमचं भाषण ऐकूच यायचं नाही. तुमचे हात हलले की आम्ही टाळ्या वाजवायचो आणि मतं द्यायचो. आज पहिल्यांदाच शब्दन् शब्द ऐकू आला."

दुसऱ्याच दिवशी भूपालराव मुंबईला धावले. निवडणुकीआधी माग सुरू व्हायलाच हवे होते.