खोलवाडीचा अर्धा निरोप

एका राज्यात, जिथे राजाचा हुकूमही तीन दिवसांनी पोचे, अशा टोकाला खोलवाडी नावाची नऊ उंबऱ्यांची वस्ती होती. पुढ्यात तीन कमानींचा दगडी पूल. एका मांत्रिकाने तो दिवसभरात बांधला आणि अट घातली, "जाणाऱ्याने 'येतो' म्हणावे, राहणाऱ्याने 'ये' म्हणावे. निरोप अर्धा राहिला, तर जाणारा परतणार नाही. त्याच्यामागून जाणारेही नाहीत."

काय दिवस होते ते! सकाळी पूल नुसता निरोपांनी गजबजायचा.

मग दुधी भोपळ्याच्या एका वेलावरून चांगुणाक्का आणि तिची धाकटी बहीण तान्हू कडाकडा भांडल्या. तान्हू गाठोडे घेऊन पुलावर गेली. रागातही सवयीने म्हणाली, "येते गं, अक्का." चांगुणाक्काने तोंड फिरवले.

अकरा वर्षे झाली. तान्हू आली नाही. तिच्यामागून गेलेलेही आले नाहीत. नऊपैकी तीनच चुली उरल्या. चांगुणाक्का रोज पुलाशी बसे आणि गेलेल्या दिवसांसाठी झुरे.

एकदा कमानीतली साळुंकी म्हणाली, "उपाय आहे."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"कुणी विचारले नाही. तीन कामे कर. पूल धू. गेलेल्यांची नावे घे. मग राहिलेला शब्द दे. मनात अढी ठेवून दिलास, तर दगड होशील."

चांगुणाक्काने शेवाळ खरवडून पूल धुतला. पहिली कमान उजळली. तिने एकेचाळीस नावे घेतली, कोण कसे हसायचे तेही सांगितले. दुसरी उजळली. तिसऱ्या कामाला तिने 'ये' म्हटले, पण ओठांतल्या ओठांत. अढी होतीच. पाय घोट्यापर्यंत दगड झाले.

उरलेली वाडी श्वास रोखून पाहत होती. चांगुणाक्काला रडू फुटले.

"तान्हे, वेल माझाच होता," ती ओरडली. "अजूनही म्हणते, माझाच होता! पण तूही माझीच आहेस गं. ये!"

तिसरी कमान उजळली. पाय मोकळे झाले. पलीकडून माणसांची रांग येऊ लागली. सर्वांत पुढे तान्हू होती, केस पिकलेले, गाठोडे तेच.

"एवढेसे म्हणायला अकरा वर्षे, अक्का?"

"चल, जेवायला चल."

नऊ चुली पेटल्या. राजाच्या कानी हे गेले आणि त्याने मांत्रिकाला अट उठवायला लावली. तरीही खोलवाडीत आजतागायत कितीही भांडण होवो, जाणाऱ्याला 'ये' म्हटल्यावाचून कुणी दार लावत नाही.