उपरण्याखालचं कुरण

साठ घोंगड्या राजवाड्यात पोचल्या, पहारेकऱ्यांनी त्या अंगावर ओढूनही घेतल्या, आणि मग राजा जैतपालाने कुरणाचं फाटक लावून टाकलं!

ठकूबाई धनगरीण दोनशे मेंढरं घेऊन फाटकाशी आली. आत राजाचा नवा पंचकल्याणी घोडा एकटाच चरत होता, जावयासारखा निवडून निवडून. ठकूबाईने मेंढरं तिथेच सोडली आणि तडक दरबार गाठला.

"म्हाराज, सौदा झालाय! साठ घोंगड्या तुमाला आन् चार म्हैने कुरण माझ्या मेंढरांना. तुमच्या हैबतीनं भर बाजारात माझी चार बोटं दाबली!"

हैबती हा राजाचा खरेदी-विक्रीचा माणूस. त्या मुलखात मोठे सौदे तोंडाने होत नसत. दोघांनी एका कापडाखाली हात घालायचे, बोटं दाबून काय ते ठरवायचं आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. हैबतीच्या खांद्यावर राजाचं केशरी जरीकाठी उपरणं असे. त्याखाली सौदा झाला की बाजार समजायचा, बोटं हैबतीची असली तरी शब्द राजाचा.

राजाला ही रीत भलतीच सोयीची वाटायची. सौदा फळला की "आम्ही केला!" अंगाशी आला की "हैबतीने केला!" आपला तो बाब्या आणि हैबतीचं ते कार्टं.

"कसलं कुरण?" राजा म्हणाला. "हैबती तर बाजार बघायला गेला होता."

"आन् त्याच्या खांद्यावरचं तुमचं उपरणं?"

"ते घाम पुसायला दिलं होतं!"

दरबार खो खो हसला. दरबाराला पगारच त्याचा मिळतो.

ठकूबाईने हैबतीकडे पाहिलं. हैबती स्वतःच्या पायाचा अंगठा न्याहाळत होता. घरात सात तोंडं खाणारी, तो बिचारा काय बोलणार!

"तुझ्या घोंगड्या तू परत ने," राजा उदारपणे म्हणाला.

"मेंढरं घोंगड्या खात न्हाईत, म्हाराज! माळावर काडी उरली न्हाई. आठ दिसांत समदा कळप आडवा हुईल!" या माणसासमोर रडायचं नाही, हे तिने ठरवलं होतं.

राजाला आता चेव आला. "बरं, एक संधी देतो. हैबती आमच्या वतीने सौदा करायला गेला होता, हे सिद्ध कर. पण हैबतीच्या तोंडून नको, बाजारकऱ्यांच्या तोंडून नको आणि कागद तर नाहीच. आमच्या तोंडून वदवून घे! दिवस मावळायच्या आत. नाही जमलं तर मेंढरं हाकायची आणि राज्याबाहेर व्हायचं!"

"बरं," म्हणून ठकूबाई निघाली. मुजरासुद्धा केला नाही.

ती थेट कुरणात गेली, पंचकल्याणीच्या गळ्यात दावं घातलं आणि त्याला घेऊन नदीकडे चालू लागली.

"चोर! चोर!" मोतद्दार ओरडला. राजाच्या घोड्याची निगा तोच राखायचा.

"वरडतोस कशाला? राजानंच सांगितलंय, ह्यो घोडा त्येचा न्हाई म्हून!"

मोतद्दार वाड्याकडे धावला आणि क्षणात राजा धापा टाकत आला. एका पायात जोडा होता, दुसरा कुठे पडला कोण जाणे. मागे सगळा दरबार, आणि दरबारामागे हैबती.

"सोड! माझा घोडा सोड!"

"तुमचा? तुमी कवा घेतला, म्हाराज?"

"गेल्या बाजारात! दहा खिलारी बैल देऊन!"

"तुमी सोता गेला व्हता?"

"आम्ही कशाला बाजारात तंगड्या तोडू? हैबतीला पाठवला होता!"

"त्यो तर बाजार बघाया गेला व्हता. ज्याचा घोडा त्येला परत कराया निघालीया मी. नदीकाठी उतरलाय त्यो व्यापारी."

"बाजार बघायला?" राजा तांबडालाल झाला. "अगं मूर्ख बाई, हैबती आमच्या वतीने सौदा करायला गेला होता! आमच्या उपरण्याखाली केलाय सौदा! त्याने घेतला म्हणजे आम्हीच घेतला!"

दिवस अजून चांगला दोन कासरे वर होता.

"त्याच दिशी," ठकूबाई शांतपणे म्हणाली, "त्याच उपरण्याखाली त्यानं मला कुरण दिलं."

पण राजाच तो, इतक्यात कसा हरेल? "घोडा घ्यायला सांगितलं होतं. कुरण द्यायला नव्हतं सांगितलं! वाड्यावरून निघताना त्याच्या कानात बजावलं होतं आम्ही!"

"कानात!" ठकूबाईने कपाळावर हात मारला. "म्हाराज, तुमी कानात बोलता आन् उपरणं खांद्यावर टाकता. बाजाराला कान दिसंल का खांदा? त्यानं तुमचं ऐकलं नसंल तर तुमी त्येला झोडा न्हाईतर सोडा, त्यो तुमच्या दोघांतला तंटा. माझ्या मेंढरांनी का म्हून उपाशी मरायचं? उपरणं खरं असंल तर घोडा तुमचा आन् कुरण माझं. खोटं असंल तर ह्यो निघाला नदीवर! बोला, कसं करायचं? दावं माझ्या हातात हाय!"

राजाने घोड्याकडे पाहिलं. घोडा निघायला तयारच दिसत होता.

आणि राजा हसला! आधी नाकातून, मग पोटातून. मग दरबारही हसला, या वेळी पगाराशिवाय.

"फाटक उघडा रे! चार महिने नाही, वर्षभर चरू देत हिची मेंढरं! आणि हैबती, खजिन्यातलं सोन्याचं कडं आण आणि घाल ठकूबाईच्या हातात!"

ठकूबाईने झटकन हात मागे घेतला.

"हैबतीच्या हातनं नगं, म्हाराज! तुमच्या हातनं घाला. न्हाईतर उद्या म्हनाल, आमी त्येच्या कानात दुसरंच सांगितलं व्हतं!"

राजाला हसू आवरेना. डोळे पुसायला त्याने हैबतीच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, आणि स्वतःच्या मनगटातलं कडं काढून स्वतःच्या हाताने ठकूबाईच्या हातात घातलं.