काळ्या पागोट्याचा तुळाजी

हिरडगडचा एक राजा होता. पलीकडच्या राजाशी त्याची लढाई जुंपली होती. पण त्याला शत्रूपेक्षा भीती आपल्याच रयतेची! मी लढाईत गुंतलो आणि हे लोक उठले तर? मग त्यानं काय केलं, थोडीशी माणसं धाडली खिंडीत लढायला आणि धट्टीकट्टी सगळी ठेवली गावातच. मांत्रिकाकडून काळी पागोटी आणवून त्यांच्या डोक्यावर चढवली. जादूची होती बरं का. घातली की भिंतीपलीकडची कुजबुजसुद्धा ऐकू यायची.

त्यांतलाच एक तुळाजी. मनानं वाईट नव्हता हो. धाकटा भाऊ रखमाजी खिंडीत लढत होता, घरी आई होती. सांगतील ते करायचं आणि गप्प राहायचं, एवढंच त्याला ठाऊक.

एकदा कुंभाराची गंगू शेजारणीला म्हणाली, "खिंडीत पोरं उपाशी आहेत म्हणे." झालं! राजा कडाडला, "लढाईत असं बोलते? आणा धरून!" तुळाजीनं आणली. वाटभर ती विचारत होती, "दादा, मी खोटं बोलले का रे?" तो नुसता भराभर पाय उचलत राहिला.

मग एक म्हातारा देवळात पुटपुटला, "देवा, थांबव रे ही लढाई." तोही कोठडीत. आता तुळाजी गल्लीतून निघाला की दारं धडाधड बंद व्हायची. पोरं खेळायची थांबायची.

मग खिंडीतून जासूद आला. धुळीनं माखलेला, जखमी हाताला फडकं बांधलेला. म्हणाला, "महाराज, माणसं द्या. आम्ही फार थोडे उरलोत."

राजा म्हणाला, "आणि माझ्याजवळ कोण राहील? जा परत."

तुळाजी दारातच उभा होता. तेवढ्यात कानात ओळखीचा आवाज आला. त्याची आई! चुलीपाशी एकटीच बोलत होती, "रखमा, बाळा, तू तिकडे मरतोयस आणि तुझा भाऊ इथं आयाबायांना धरतोय."

सगळ्या पागोट्यांना ते ऐकू गेलं. त्यांचा नाईक म्हणाला, "तुळाजी, तूच आण तिला."

तो घरी गेला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं दोन्ही हात पुढे केले. म्हणाली, "चल. पण आधी दोन घास खा. सकाळपासून उपाशी आहेस."

मग मात्र तुळाजी लहान पोरासारखा रडला. पागोटं काढून त्यानं चुलीत घातलं. कानातली कुजबुज थांबली. नुसती आमटी रटरटताना ऐकू येत होती.

तो चौकात गेला आणि सोबत्यांना म्हणाला, "माझा भाऊ खिंडीत आहे. तुमचं कोण आहे तिकडे?"

कुणी म्हणालं मेव्हणा, कुणी म्हणालं मुलगा. मग नाईकानंच आपलं पागोटं आधी उतरवलं. त्यांनी कोठड्या उघडल्या. बायांनी भाकऱ्या बांधून दिल्या. मग सगळे धावले खिंडीकडे. एवढी माणसं येताना बघून शत्रूनं पायाला पाय लावून पळ काढला!

रखमाजी एका दगडाला टेकून बसला होता. जखमी, पण जिवंत. म्हणाला, "दादा, किती वाट पाहिली रे." तुळाजीनं त्याला पाठीवर घेतलं.

राजा वाड्यात एकटाच थरथरत बसला होता. तुळाजी म्हणाला, "भिऊ नका, कुणी मारणार नाही तुम्हाला. पण आता गावाचं गाव बघेल." राजानं मान खाली घातली आणि किल्ल्या काढून दिल्या.

मग गल्लीतली दारं उघडी राहू लागली आणि सगळे सुखानं नांदले. चला, पाय पोटाशी घ्या. मिटा बघू डोळे.