बोरखडीच्या न शिजलेल्या घुगऱ्या

ऐका मंडळी, ही हकिकत बोरखडीची आहे. प्रवरेच्या काठच्या त्या गावात शांतवन महाराज अधूनमधून येत. अंगावर घोंगडी, हातात एकतारी आणि मुखी ख्रिस्तनाम. रविवारच्या उपासनेनंतर त्यांचे कीर्तन सुरू झाले की वेशीबाहेरची माणसेसुद्धा देवळाच्या भिंतीला टेकून ऐकत उभी राहत.

त्या मंडळीत मुठीची रीत होती. रोज दळायला बसण्यापूर्वी बाईने मूठभर धान्य देवाच्या मडक्यात टाकायचे. हंगामाच्या प्रीतिभोजनाआधीच्या शनिवारी सगळी मडकी देवळात रिती व्हायची, दाणे भिजत पडायचे आणि रविवारी त्यांच्याच घुगऱ्या पंगतीला वाढल्या जायच्या. हिशेब गमलिएल पंचांकडे. माणूस चोख, पण देवळाची किल्ली कमरेला आली आणि स्वर्गाचीही आपल्याचकडे असल्यासारखा तो चालू लागला.

रिबकाबाईचा नवरा शमवेल लांबच्या साखर कारखान्यात कामाला होता. तो शनिवारी संध्याकाळी बाजार घेऊन घरी यायचा. प्रीतिभोजनाआधीच्या त्या शनिवारी दुपारी घरातले धान्य संपले होते आणि नेमकी तेव्हाच ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोपीतली गोदा दारात उभी राहिली. कडेवर तान्हे मूल, चेहरा पांढराफटक. "ताई, कालपासून पोटात काही न्हाई. दूध आटलंय," एवढेच ती म्हणाली. रिबकाबाईने चौफेर पाहिले. दाणा होता तो फक्त देवाच्या मडक्यात. तिने ते मडके गोदाच्या ओच्यात पालथे केले.

संध्याकाळी शमवेल आला. नथनेल आणि धाकटी कृपा बापाच्या खांद्यावर चढली, पिशवीतला गूळ शोधू लागली. मुलांना न्हाऊमाखू घालता घालता रिबकाबाईने झाले ते सांगितले. शमवेल म्हणाला, "मग त्यात काय एवढं? मी आणलेल्या पोत्यातून मडकं भर आणि देऊन ये."

"अहो, मूठ रोजची असती. आज एकदम भरलेलं मडकं म्हणजे देवाला टोपी घालणं झालं. मी रिकामंच नेणार."

जाण्याआधी ती चुलीपाशी घटकाभर बसली. देवाचा वाटा आपण परस्पर दिला, हे तिला आतून टोचत होते. रागावला असेल का तो? मग तिला गोदाचे ते तान्हे आठवले. रागावला तर रागावू दे, पोर तर दूध पिऊन झोपले असेल, असे तिने स्वतःला बजावले, पदर खोचला आणि उठली.

देवळात रिकामे मडके बघून गमलिएल पंच सगळ्यांदेखत हसले. "वा बाई! देवाच्या तोंडचा घास उचलून उपऱ्यांना वाटला? ज्यांची मूठ नाही, त्यांचं उद्या ताट नाही."

"पोरं माझी पंगतीत बसणार," रिबकाबाई म्हणाली आणि मडके घेऊन घरी आली.

रविवारी उपासना झाली, कीर्तन झाले, पंगत बसली. गमलिएल पंचांनी बोलल्याप्रमाणे नथनेल आणि कृपाला दंड धरून उठवले. कृपा रडू लागली. शमवेल खालच्या आवाजात म्हणाला, "नथनेलच्या आई, चल घरी. शोभा नको."

"शोभा त्यांनी केली, आपण का जायचं? देवळाचं आवार काय गमलिएलच्या बापाचं न्हाई." लेकरांना घेऊन ती तिथेच कडुनिंबाखाली मांडी घालून बसली.

इकडे चुलीवर वेगळेच घडत होते. पहाटेपासून जाळ चालू होता, पाणी खदखदत होते, पण रात्रभर भिजलेला दाणा दाताखाली खड्यासारखा वाजत होता. पंचांनी लाकडांना दोष दिला, मग पाण्याला, मग बायकांना. दाणा काही बधेना.

शांतवन महाराज पाटावरून उठले आणि कडुनिंबाखाली कृपाशेजारी जाऊन बसले. पंच धावत आले. "महाराज, तुमचं पान तिकडे आहे."

महाराज म्हणाले, "माझी मूठ तुझ्या मडक्यात कधी पडली, गमलिएल? मग माझं पान कसं?"

पंचांनी चुलीवरच्या हंड्याकडे पाहिले. अखेर ते रिबकाबाईकडे वळून पुटपुटले, "बसा बाई पंगतीत. शिजेल तरी."

"घुगऱ्या शिजवायला मी काय सरपण हाये?" रिबकाबाई म्हणाली. "गोदाला बोलवा. ती बसली तर मी बसते."

"ती आपल्या मंडळीची नाही!"

"मूठ कोणाच्या नावानं काढता रे?" महाराजांनी विचारले.

"प्रभूच्या."

"मग ती मूठ त्यानं कुठं बसून खावी, हे तू ठरवणार?"

 गमलिएल पंचांनी कमरेची किल्ली सोडून शमवेलच्या हातात दिली आणि ते एकटेच कोप्यांच्या दिशेने गेले. गावाने त्यांना तिकडे जाताना प्रथमच पाहिले.

परतले तेव्हा त्यांच्यामागून तान्ह्याला पदराखाली घेऊन गोदा भीत भीत येत होती. तिचे पाऊल आवारात पडले आणि हंड्याच्या झाकणाखालून शिजलेल्या धान्याचा गोड वास सुटला. एका बाईने दाणा चिमटीत धरला, तर तो लोण्यासारखा दबला. काय ही प्रभूची लीला! बायकांनी हात जोडले.

पंच महाराजांच्या पायांशी वाकू लागले. महाराजांनी पाय आखडून घेतले आणि म्हणाले, "इथं नको. वाढायला घे."

पंचांनी पहिला डाव गोदाच्या पत्रावळीवर वाढला. वाढायला वाकलेला तो माणूस वर येईना. त्यांचे कपाळ पत्रावळीपाशी जमिनीला टेकले होते आणि खांदे हलत होते. गोदा घाबरून रिबकाबाईकडे पाहू लागली.

रिबकाबाईने कृपाला गोदाशेजारी बसवले आणि म्हणाली, "पंच, उठा आता. लेकरं भुकेली हायेत, पंगत खोळंबलीय."