नूरशाबाबांची हकालपट्टी

"तिला माफ करायचं ठरवलंय मी. कसं कळवू, तेवढं सांगा."

अंबादासराव टेकडीवरच्या झोपडीत मांडी ठोकून बसले होते. समोर नूरशाबाबा फकीर आपली फाटकी कफनी शिवत होते.

"कुणाला?"

"मुलीला. वनमालाला. मनाप्रमाणे लग्न केलं म्हणून घराबाहेर काढली होती. आता तिच्या आईनं अंथरूण धरलंय... सारखं तिचंच नाव घेते."

"कशी काढलीत?"

अंबादासरावांचा चेहरा खुलला. बायको घरी आजारी, आणि हे खुलले! पण माणसाला त्याच्या कसबाबद्दल विचारलं की तो खुलतोच.

"बाबा, साहेबाच्या खुर्चीत जन्म गेला माझा. कुणाला गोड बोलून कटवायचं, कुणाला वाटाण्याच्या अक्षता लावायच्या, कुणाला सरळ नारळ द्यायचा... या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मुलीला मात्र दोन शब्दांत वाटेला लावली."

बाबांनी दातानं दोरा तोडला.

"मला घालवून दाखवा."

"काहीतरीच काय, बाबा!"

"दाखवा तर."

अंबादासराव सावरून बसले. कचेरीतला जुना आवाज आपसूक आला. "कोण रे तू? ही काय धर्मशाळा आहे? ऊठ! चालता हो!"

बाबा उठले. काठी घेतली आणि भर उन्हात खरोखरच चालते झाले. उतारावरच्या लिंबाखाली जाऊन पाठमोरे बसले.

अंबादासराव हसले. मग हसू विरलं. झोपडी बाबांची, आणि आत बसलेत हे. त्यांना भलतंच अवघडल्यासारखं झालं.

"बाबा, झालं की! या आता."

बाबा हलले नाहीत.

"अहो, या ना..."

काहीच नाही. अंबादासरावांना राग आला. खरं तर भीती वाटली होती, पण त्यांना रागच तेवढा ओळखता यायचा. दारात येऊन ते ओरडले, "बरं, माफ केलं तुम्हाला! या आत!"

बाबांनी वळून पाहिलं.

"माझं काय चुकलं होतं, रावसाहेब?"

अंबादासराव दारातच थबकले.

तापल्या मातीवरून ते अनवाणीच उतरले आणि बाबांच्या पुढ्यात बसले. डोळे भरून आले होते. ते लपवायचंही भान त्यांना नव्हतं.

"चुकलं माझं, बाबा."

बाबा काठी टेकून उठले.

"हे मला सांगायला एवढी टेकडी चढलात?"